मोजलेले गाव आणि वसलेले गाव

(केंद्रीय निधीचे स्थानिक संस्थांमधील वाटप या विषयावरील व्याख्यानाची संहिता)



ग्रामपंचायतीच्या कारभाराची चर्चा निघाली की दोन वाक्ये हमखास कानी पडतात. काम झाले असेल तर ‘वरून निधी आला’ आणि काम रखडले असेल तर ‘वरून निधी अडला’. हे ‘वर’ म्हणजे नेमके कोठे, तेथे निर्णय कोण घेतो, कोणत्या मापाने घेतो आणि ते माप गावाला न्याय देते की नाही, हा विचार मात्र क्वचितच होतो. ज्याला माप ठाऊक नसते, तो दात्याच्या दारात याचक म्हणून उभा राहतो. ज्याला माप ठाऊक असते, तो आपला वाटा हक्काने मागू शकतो आणि तो वाटा का कमी पडला हेही विचारू शकतो. ग्रामस्वराज्याच्या गोष्टी करणाऱ्या समाजाला हे माप ठाऊक असलेच पाहिजे.

यासाठी दूरचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. ठाणे शहराच्या बाळकुमहून खाडीवरचा पूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातील कशेळी लागते. जुन्या आग्रा रस्त्यावरचे हे गाव. आपल्या ग्रामव्यवस्थेत गावाची दोन अंगे मानली जात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथातील सारे ग्रामजीवन या दोन अंगांवर उभे आहे. कशेळी, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यात गेल्या दोन-तीन दशकांत काळीवर गोदामे उभी राहिली आणि पांढरीवर बहुमजली इमारती. देशभर माल पाठवणाऱ्या कंपन्यांचा साठा येथे असतो आणि ठाण्या-मुंबईत नोकरी करणारी कुटुंबे येथे घर घेतात. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. त्या मार्गावर कशेळी नावाचे स्थानक आहे. जगण्याच्या रीतीने हे गाव शहर झाले, कायद्याने मात्र ग्रामपंचायत राहिले. निधीच्या वाटपाचा सारा पेच या एका वाक्यात सामावलेला आहे.

हक्काचा उगम

स्थानिक स्वराज्याचा विचार या देशाला नवा नाही. ब्रिटिश राजवटीत लॉर्ड रिपनचा ठराव १८८२ साली झाला. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ चा, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. संस्था उभ्या राहिल्या, निवडणुका झाल्या, पण तिजोरीची हमी कोणी दिली नाही. राज्य सरकारची मर्जी असेल तोवर अनुदान, अशीच स्थिती होती.

ती बदलली ७३ व्या घटनादुरुस्तीने. २४ एप्रिल १९९३ पासून ही दुरुस्ती अमलात आली. अकराव्या अनुसूचीत २९ विषय पंचायतींच्या कक्षेत येऊ शकतील असे नमूद झाले. कलम २४३-आय अन्वये दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमणे बंधनकारक झाले. कलम २८० मध्ये नव्या उपखंडाची भर पडली आणि केंद्रीय वित्त आयोगावर पंचायतींच्या साधनसंपत्तीला पूरक ठरतील अशा उपायांची शिफारस करण्याची जबाबदारी आली. नगरपालिकांसाठी हेच काम ७४ व्या दुरुस्तीने केले.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. घटनेने केंद्राला सरपंचाच्या हाती थेट पैसा द्यायला सांगितलेले नाही. केंद्र राज्याच्या एकत्रित निधीत भर घालते आणि राज्याने ती रक्कम पंचायतींपर्यंत पोहोचवायची असते. राज्याने विलंब लावू नये म्हणून पंधराव्या वित्त आयोगाने अट घातली की, रक्कम मिळाल्यापासून दहा कामकाजी दिवसांत ती संस्थांकडे गेली पाहिजे, अन्यथा राज्याला व्याज द्यावे लागेल.

शंभर रुपयांपासून लाख कोटींपर्यंत

पंचायतींसाठी पहिली तरतूद केली ती दहाव्या वित्त आयोगाने. ग्रामीण भागातील दर माणशी शंभर रुपये, असा त्याचा सरळ हिशेब होता. त्यातून सुमारे ४,३८१ कोटी रुपयांची रक्कम निघाली. परंतु माणसे कोणती मोजली? १९७१ च्या जनगणनेतील! विसावे शतक संपत आले असताना वाटप पाव शतकापूर्वीच्या डोक्यांवर झाले. म्हणजे जुन्या मोजणीने नवा पैसा वाटण्याची परंपरा या व्यवस्थेच्या जन्मापासूनच आहे.

पुढे रकमा वाढत गेल्या. अकराव्या आयोगाने पंचायतींना पाच वर्षांत ८,००० कोटी, बाराव्याने २०,००० कोटी रुपये दिले. चौदाव्या आयोगाने २०१५ ते २०२० या काळासाठी ही रक्कम २ लाख कोटींवर नेली आणि ती सारी ग्रामपंचायतींनाच दिली. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या त्यातून वगळल्या गेल्या. पंधराव्या आयोगाने तिन्ही स्तरांना पुन्हा वाटा दिला. २०२०-२१ या एका वर्षी देशातील ग्रामीण संस्थांसाठी ६०,७५० कोटींची शिफारस झाली, त्यांपैकी ५,८२७ कोटी महाराष्ट्राच्या वाट्याचे होते. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण संस्थांना २,३६,८०५ कोटी आणि नागरी संस्थांना १,२१,०५५ कोटी सुचवले गेले. सोळाव्या आयोगाने २०२६ ते २०३१ या कालखंडासाठी सर्व स्थानिक संस्थांकरिता मिळून सुमारे ७ लाख ९१ हजार कोटी रुपयांची शिफारस केली. त्यांतील सुमारे ४ लाख ३५ हजार कोटी ग्रामीण संस्थांचे आहेत.

आकडे ऐकून डोळे दिपतात. पण हा पैसा गावाच्या वेशीपर्यंत येताना त्याचे काय होते, हे पाहिल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही.

वाटपाचे सूत्र

पंधराव्या आयोगाच्या काळातील वाटप तीन पायऱ्यांनी झाले. पहिली पायरी राज्याराज्यांतील वाटपाची. त्यासाठी लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के महत्त्व दिले गेले, आणि लोकसंख्या धरली २०११ ची. दुसरी पायरी राज्यांतर्गत स्तरांची. ग्रामपंचायतींना ७० ते ८५ टक्क्यांपर्यंत, पंचायत समित्यांना १० ते २५ आणि जिल्हा परिषदांना ५ ते १५ टक्क्यांपर्यंत देण्याची मर्यादा आयोगाने घातली. महाराष्ट्राने ती ८०, १० आणि १० टक्के अशी ठरवली. तिसरी पायरी एकाच स्तरावरील संस्थांमधील वाटपाची. तेथे राज्य वित्त आयोगाच्या स्वीकारलेल्या शिफारशी, आणि त्या नसतील तर पुन्हा तेच लोकसंख्या व क्षेत्रफळाचे ९० आणि १० चे प्रमाण.

हे सूत्र सामान्य माणसाच्या हिशेबात मांडून पाहू. २,३६,८०५ कोटींची वर्षाची सरासरी होते सुमारे ४७,३६१ कोटी. २०११ मध्ये देशाची ग्रामीण लोकसंख्या सुमारे ८३ कोटी ३० लाख होती. भागाकार केला की माणशी वर्षाला सुमारे ५६८ रुपये निघतात. त्यांतील ८० टक्के ग्रामपंचायतीचे धरले तर सुमारे ४५५ रुपये. या ४५५ रुपयांतील ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे अर्धी पिण्याच्या पाण्यासाठी आणि अर्धी स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के, म्हणजे माणशी सुमारे १८२ रुपये, गावाने आपल्या गरजेनुसार वापरायचे. तेही पगारावर वा कार्यालयीन खर्चावर नव्हे. दिवसाला पन्नास पैसे! ग्रामस्वराज्याच्या नावाने दिल्लीहून गावाच्या स्वेच्छेवर सोपवलेली सरासरी रक्कम ही एवढी होती.

राज्यागणिक हा आकडा थोडा कमी-अधिक होतो, हे खरे. तरी रकमेचा अंदाज येण्यास तो पुरेसा आहे.

कशेळीचा पेच

आता हेच सूत्र कशेळीसारख्या गावाला लावावे. समजा, एखाद्या गावात २०११ च्या मोजणीवेळी ५,००० माणसे होती आणि आज तेथे २०,००० माणसे राहतात. निधी येणार तो ५,००० माणसांचा. पाणी प्यायचे आहे २०,००० माणसांना, कचरा होतो २०,००० माणसांचा, सांडपाणी वाहते तेही २०,००० माणसांचे. कागदावरचे माणशी ४५५ रुपये प्रत्यक्षात ११४ वर येतात. मोजलेले गाव एक असते आणि वसलेले गाव दुसरे. निधी पहिल्याला मिळतो आणि गरज दुसऱ्याची असते.

क्षेत्रफळाचा १० टक्के हिस्साही अशा गावाच्या उपयोगी पडत नाही. तो विरळ वस्तीच्या, विस्तीर्ण गावांसाठी आहे आणि त्यांच्यासाठी तो योग्यच आहे. पण एका इमारतीत शेकडो माणसे सामावणाऱ्या गावाला एकर मोजून काय मिळणार?

यात भर पडते ती अधिकारांच्या विभागणीची. भिवंडी परिसरातील ज्या गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण हे विशेष नियोजन प्राधिकरण आहे, त्यांत कशेळीचा समावेश होतो. इमारतीला परवानगी देण्याचा अधिकार प्राधिकरणाचा आणि विकास शुल्कही त्याच्याच तिजोरीत. त्या इमारतीत कुटुंबे राहायला आली की नळाचे पाणी, दिवाबत्ती आणि रोजचा कचरा मात्र ग्रामपंचायतीच्या माथी. इमारत मंजूर करणारा एक आणि तिचा संसार सांभाळणारा दुसरा, असा हा विचित्र व्यवहार आहे.

शहरांसाठीच्या योजनांचे दारही ग्रामपंचायतीला बंद असते. जून २०१५ मध्ये सुरू झालेली ‘अमृत’ योजना पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणासाठी आहे. कशेळीतील बहुमजली इमारतींची गरज नेमकी तीच. पण ती योजना नागरी संस्थांची. खाडीच्या पलीकडे ठाण्याला ती लागू होते, अलीकडे होत नाही. मधे केवळ एक पूल आहे!

निधी अडतो तो का?

निधी कमी का, या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो निधी अडतो का, हा. पंधराव्या आयोगाच्या अटी स्पष्ट होत्या. संस्था रीतसर निवडून आलेली असावी. मागील वर्षाचे हिशेब आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब सर्वांना पाहता येतील असे ऑनलाइन ठेवलेले असावेत. राज्याने वित्त आयोग नेमून त्याच्या अहवालावर काय कार्यवाही केली, ते मार्च २०२४ पर्यंत विधिमंडळासमोर ठेवलेले असावे.

महाराष्ट्राला पहिली अटच बोचली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात गेल्याने २०२२ पासून राज्यातील जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि महापालिका यांच्या निवडणुका एकामागून एक लांबत गेल्या. संस्थांच्या मुदती संपल्या आणि प्रशासक आले. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला या निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. जेथे लोकनियुक्त मंडळ नाही तेथे वित्त आयोगाचे अनुदान नाही, हा नियम असल्याने या काळात मधल्या आणि वरच्या स्तराचा वाटा अडून राहिला. एका गावाला पुरी न पडणारी पाण्याची वा रस्त्याची कामे याच दोन स्तरांकडे असतात. निवडणूक लांबते तेव्हा नुकसान इच्छुक उमेदवारांचे होते असे समजले जाते. प्रत्यक्षात किंमत मोजतो तो करदाता ग्रामस्थ.

हिशेबाच्या अटीबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. एप्रिल २०२० पासून ‘ई-ग्रामस्वराज’ या प्रणालीवर ग्रामपंचायतीचा आराखडा, जमा आणि खर्च पाहण्याची सोय झाली. कोणत्या कामावर किती पैसा गेला, हे घरबसल्या मोबाइलवर पाहता येते. प्रश्न आहे तो पाहणाऱ्यांचा. ज्या गावात हिशेब पाहणारे असतात, तेथे हिशेब लिहिणारेही सावध असतात.

न्यायाची दुसरी बाजू

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवा. कशेळीच्या गोदामांतून ग्रामपंचायतीला घरपट्टी मिळते. मग केंद्राचा अधिक निधी तिला का द्यावा? याच ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडच्या डोंगराळ भागातील वनवासी पाड्यांना स्वतःचे उत्पन्न जवळपास नाही. अशा पाड्याच्या वाट्याचा रुपया काढून तो खाडीकाठच्या इमारतींना देणे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही.

आक्षेप रास्त आहे. समानीकरण हेच वित्त आयोगाचे मूळ प्रयोजन आहे. जो उणा आहे त्याला हात द्यायचा, हा कुटुंबधर्म राज्यव्यवहारातही पाळला गेला पाहिजे. म्हणूनच कशेळीची मागणी दुसऱ्याच्या ताटातील घास मागणारी असू नये. ती दोनच गोष्टींची असावी. पहिली, माणसे आहेत तेवढी मोजली जावीत. दुसरी, ज्याच्यावर सेवा देण्याची जबाबदारी आहे, त्याच्याकडे ती पेलण्याचे अधिकार आणि उत्पन्नही असावे. प्राधिकरणाने गोळा केलेल्या शुल्काचा ठरावीक हिस्सा त्याच गावाच्या पाण्यावर आणि मलनिस्सारणावर खर्च व्हावा, ही मागणी न्याय्य आहे, आणि तिच्यामुळे कोणत्याही पाड्याचे एक पैशाचेही नुकसान होत नाही.

गावाने करावयाचे काम

सरकारकडे बोट दाखवताना उरलेली बोटे स्वतःकडे वळलेली असतात. गावाच्या हाती असलेली कामे मोठी आहेत.

पहिले काम जनगणनेचे. २०२१ ची जनगणना महामारीमुळे होऊ शकली नाही, त्यामुळे गावनिहाय मोजणीचा शेवटचा आकडा २०११ चाच राहिला. नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिवस जाहीर झाला. घरांची यादी २०२६ मध्ये आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, असे तिचे दोन टप्पे ठरले. कशेळीसारख्या गावात मोठा वर्ग बाहेरून आलेला आहे. कोणी कोकणातला, कोणी खानदेशातला, कोणी उत्तरेतला. ‘गाव कोणते?’ असे विचारले की प्रत्येक जण जन्मगावाचे नाव घेतो. ती ओढ पवित्र आहे. पण जनगणनेचा प्रश्न आठवणींचा नसून वास्तव्याचा असतो. जो कशेळीचे पाणी पितो आणि कशेळीच्या रस्त्याने चालतो, त्याची नोंद कशेळीतच झाली पाहिजे. गोदामात राहणारा हमाल, बांधकामावरचा मजूर आणि भाड्याच्या खोलीतील एकटा कामगार हे सुटून जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. प्रत्येक गृहसंकुलाच्या समितीने, गणेशोत्सव मंडळाने आणि महिला बचत गटाने प्रगणकाला साहाय्य केले तर एकही दार सुटणार नाही. एक सुटलेले माणूस म्हणजे पुढील कित्येक वर्षांचा सुटलेला निधी.

दुसरे काम स्वतःच्या उत्पन्नाचे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ ने घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्यरक्षण, पाणीपट्टी असे कर बसवण्याचा अधिकार दिला आहे. ३१ डिसेंबर २०१५ च्या नियमदुरुस्तीनंतर मालमत्तेवरील कर भांडवली मूल्यावर आधारला गेला. गोदामाची खरी नोंद, खरे मोजमाप आणि नियमित वसुली या तीन गोष्टी झाल्या तर या पट्ट्यातील ग्रामपंचायतींना दिल्लीकडे डोळे लावून बसावे लागणार नाही. सोळाव्या आयोगाच्या शिफारशींतही कामगिरीवर आधारित हिस्सा सुमारे एक पंचमांश ठेवलेला आहे. जो स्वतः कमावतो, त्याला अधिक, ही दिशा स्पष्ट आहे. कर चुकवणाऱ्या धनिकाला मूकपणे सांभाळून घेणारे गाव आपल्याच शेजाऱ्याच्या तोंडचे पाणी पळवत असते.

तिसरे काम ग्रामसभेचे. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखालील आराखडा ग्रामसभेतच मंजूर व्हायचा असतो. मूळचे ग्रामस्थ ग्रामसभेला येतात आणि इमारतींतील नवे रहिवासी ती आपली नाही असे समजतात, हे चित्र बदलले पाहिजे. एका पाण्याच्या टाकीवर अवलंबून असलेल्यांमध्ये जुने आणि नवे असा भेद कसला?

चौथे काम सर्वांत अवघड. पुढे गावाचे रूप कोणते असावे, याचा शांतपणे निर्णय. ग्रामपंचायतच राहावे, स्वतंत्र नगरपरिषद मागावी की एखाद्या महापालिकेत जावे? सोळाव्या आयोगाने शहरालगतची गावे मोठ्या नागरी संस्थांत विलीन होण्यास प्रोत्साहन म्हणून एकरकमी अनुदान सुचवले आहे. म्हणजे हा प्रश्न दारात येऊन उभा आहे. शेजारच्या कल्याणची २७ गावे या बाबतीत डोळे उघडणारी आहेत. ती १९८३ साली महापालिकेत गेली, २००२ मध्ये बाहेर पडली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत आली. या येण्या-जाण्यात एका पिढीचा काळ गेला. कर वाढेल म्हणून विरोध करणे किंवा अनुदान मिळेल म्हणून धावत जाणे, दोन्ही उतावळेपणाचे. उत्पन्न किती, जबाबदारी किती, सेवा कोण देणार आणि प्रतिनिधित्व किती राहणार, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडून मगच पाऊल उचलावे. आणि ते गावाने उचलावे, गावावर कोणी लादू नये.

सज्जनहो, निधी हा उपकार नाही. तो या देशातील प्रत्येक नागरिकाने भरलेल्या कराचाच परत आलेला अंश आहे. मात्र हक्क त्यालाच शोभतो जो आपली माणसे मोजतो, आपला कर भरतो आणि आपला हिशेब उघडा ठेवतो. ७३ व्या दुरुस्तीने गावाला तिजोरीची किल्ली दिली. कुलूप उघडण्याचे काम गावाचेच आहे. फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रगणक कशेळीच्या दारावर थाप मारील, तेव्हा ते दार उघडे असावे आणि आतून उत्तर यावे, ‘होय, आम्ही सारे इथलेच.’ वसलेले गाव मोजले जाईल, तेव्हाच मोजलेल्या गावाला त्याचा वाटा मिळेल.